फाटक्या स्पीकरमधला स्वयंभू गंधार

लंडनच्या 'द किंक्स' बँडचं 'यू रिअली गॉट मी' १९६४ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेव्हा गिटारवादक डेव्ह डेव्हिस १७ वर्षांचा होता. गाण्याच्या सुरुवातीची ती खरखरीत, अंगावर येणारी गिटार त्याने घरीच घडवली होती. एल्पिको कंपनीच्या छोट्याशा अ‍ॅम्प्लिफायरमधल्या स्पीकरचा कागद त्याने ब्लेडने चिरला, आणि त्यातून निघणारा आवाज मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. अमेरिकेत लिंक रे यानेही १९५८ च्या 'रंबल'साठी स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली होती.

कागद चिरल्यावर नेमकं काय झालं? स्पीकरचा कागद विजेच्या लहरीबरहुकूम मागेपुढे हलायला हवा. फाटलेला कागद फडफडतो, लहरीचा आकार त्याला जसाच्या तसा उमटवता येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पूर्ण चढवला तरी असंच होतं. त्याच्या कुवतीपलीकडे लहर उंच जाऊ शकत नाही, म्हणून तिचे माथे सपाट कापले जातात. गोलाईदार लहर अशी चौकोनी झाली की मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनसंख्येचे उपस्वर जोरात वाजू लागतात. आपण ज्याला खरखर म्हणतो ती एका सुरापुरती तरी या उपस्वरांचीच गर्दी असते.

पण खरी गंमत दोन स्वर एकत्र छेडल्यावर येते, आणि मला ती फार मोलाची वाटते. रॉकमधली 'पॉवर कॉर्ड' म्हणजे आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम. समजा ११० आणि १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपनं. स्वच्छ आवाजात हे दोघं आपापले राहतात. लहर कापली गेली की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. १६५ वजा ११० म्हणजे ५५ : कुणीही न छेडलेला खालचा षड्ज. दोन तारांतून एवढा भारदस्त आवाज येतो तो यामुळे. आणि ११० अधिक १६५ म्हणजे २७५. हा ५५ च्या बरोबर पाचपट, म्हणजे शुद्ध गंधार! जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ज्यांनी कान देऊन ऐकला आहे, त्यांना हा पाहुणा ओळखीचा वाटेल.

मग गिटारवर गंधार मुद्दाम वाजवला तर? गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिथला गंधार येतो सुमारे २७७ हर्ट्झवर. उपजलेला २७५ चा आणि वाजवलेला २७७ चा, दोघांची टक्कर होऊन सेकंदाला दोनेकदा आवाज डचमळतो. इतर उपस्वरांतही असेच तंटे लागतात आणि सगळा गढूळ चिखल होतो. पंचमाचा पडदा मात्र शुद्ध पंचमाच्या अगदी जवळ असल्याने षड्ज-पंचमाची जोडी कितीही खरखरीत केली तरी तगते.

अमेरिकेत घरच्या गराजांमध्ये रॉकचा सराव करणाऱ्या पोरांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडे असायचे स्वस्तातले, कमी ताकदीचे अ‍ॅम्प्लिफायर. शेजारी ड्रम दणाणत असताना गिटार ऐकू यायची तर बटण शेवटपर्यंत फिरवावं लागे, आणि लहर आपोआप कापली जाई. अशा आवाजात कुठली बोटं गोड लागतात, हे त्यांच्या कानांनीच शोधून काढलं.