गोवा–लिस्बन हवाई अंतर आणि प्रवासकाळ

दाबोळी विमानतळापासून पोर्तुगालची राजधानी लिस्बनपर्यंतचे हवाई अंतर सुमारे 8,340 किमी आहे. पेडणे तालुक्यातील मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ दाबोळीच्या उत्तरेला असल्याने तिथून ते वीस-पंचवीस किमीने कमी भरते. हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले आहे. शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली तर ती इजिप्तवरून जाते. जवळची वाट मात्र उत्तरेकडे वळून आखात, इराक, सीरिया आणि भूमध्य समुद्रावरून जाते. विमाने संघर्षाचे प्रदेश टाळतात, म्हणून प्रत्यक्ष उड्डाण याहून लांबते.

या दोन ठिकाणांमध्ये थेट विमान नाही. असते तर ताशी 900 किमीच्या वेगाने साधारण दहा तास लागले असते. तेव्हा प्रवास किती लांबणार हे विमान कुठे बदलायचे यावर ठरते. दुबई जवळजवळ वाटेतच आहे: गोवा–दुबई सुमारे 2,215 आणि दुबई–लिस्बन सुमारे 6,135 किमी, म्हणजे फेरा जेमतेम दहा किमीचा. लंडनमार्गे साडेसातशेहून अधिक, तर दिल्लीमार्गे नऊशेहून अधिक किमी वाढतात. शिवाय एप्रिल 2025मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केल्यानंतर त्यांना दिल्लीहून युरोपला जाताना वळसा घ्यावा लागू लागला. अंतराचा विचार करता आखातातून जाणेच सोयीचे. मधला थांबा धरून एकूण 14 ते 20 तास लागतात.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात आणि हिशेब नेमका इथेच चुकतो. लिस्बनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. पहाटे 4:00 वाजता गोव्याहून निघून दुपारी 2:30ला लिस्बनला उतरलात, तर जानेवारीत 16 तास आणि जुलैत 15 तास झाले. परतीच्या प्रवासात तोच फरक वजा करावा. येताना पश्चिमेचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे हवेतला वेळ थोडा कमी लागतो.

तिकीट काढताना विमानतळाचा कोड वाचावा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्ही पणजीच्या विरुद्ध दिशांना आहेत आणि चुकीच्या ठिकाणी पोचल्यावर विमान गाठणे बहुधा जमत नाही. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. वेगवेगळी तिकिटे असली की सामान मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते, त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो, आणि पहिले विमान उशिरा आल्याने दुसरे चुकले तर पैसे बुडतात. पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे गेल्यास शेंगेन (आपापसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांचा गट) प्रवेशाची पासपोर्ट तपासणी तिथेच होते, लिस्बनला नाही. त्या रांगेसाठी दोन विमानांमध्ये किमान दोन तास हाताशी ठेवावेत.