खाडीचा चिखल काळा का असतो?

मानखुर्द सोडून लोकल वाशीच्या पुलावर आली आणि ओहोटी असली की डब्यात सडक्या अंड्यांचा वास येतो, मग कुणीतरी म्हणतंच, किती घाण झालीय खाडी, पण भरती आली की जाईल सगळं धुऊन. जड धातूंच्या बाबतीत तरी असं काही होत नाही.

ठाणे खाडीच्या पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, पश्चिमेला मुंबईची गटारं. त्यातून आलेलं तांबं, शिसं, जस्त मातीच्या बारीक कणांना चिकटतं. या कणांवर ऋण प्रभार असतो म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, पण खारं पाणी लागलं की त्यातले सोडियम-मॅग्नेशियमचे आयन तो प्रभार झाकून टाकतात आणि दूध फाटावं तशा कणांच्या गुठळ्या होऊन तळाला बसतात. म्हणजे भरती घाण धुण्याऐवजी उलट बसवतेच!

भरतीचं पाणी गोड लागलं म्हणूनही ते स्वच्छ होत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून लोकांनी ते बाटल्या भरून नेलं, प्यायलं. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्यावर पसरतं, त्यात चमत्कार कसला, आणि तेच पाणी मिठी नदीतला मैला घेऊन येतं. अशा गोष्टींनी माणसं आजारी पडतात म्हणून राग येतो.

आता त्या वासाकडे. चिखलात काही मिलिमीटर खाली ऑक्सिजन संपतो. मग तिथले बॅक्टेरिया समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून 'श्वास' घेतात (लिटरमागे जवळपास २.७ ग्रॅम असतं, कमी नाही) आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच वास. हे सल्फाइड चिखलातल्या लोखंडाला धरतं आणि काळं आयर्न सल्फाइड होतं, चिखल काळा दिसतो तो मुख्यतः त्यामुळे. आणि मग तांबं आलं की ते लोखंडाला हुसकावून स्वतः सल्फाइडला बिलगतं, कारण कॉपर सल्फाइड पाण्यात त्याहून खूपच कमी विरघळतं. विद्राव्यता गुणाकार बघा (हा आकडा जितका लहान तितकं ते कमी विरघळतं), आयर्न सल्फाइडचा साधारण १०^-१८, लेड सल्फाइडचा १०^-२८, कॉपर सल्फाइडचा १०^-३६ च्या आसपास. कुलूपच म्हणा ना. म्हणूनच गाळात अमुक पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) तांबं सापडलं एवढ्यावरून घाबरू नये की निश्चिंतही होऊ नये, कारण दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच तांबं भरपूर असतं, शिसं मात्र कमी. गाळावर ॲसिड टाकून किती सल्फाइड सुटलं आणि त्याबरोबर किती धातू सुटला हे मोलमध्ये, म्हणजे वजनाऐवजी कणांच्या संख्येत, मोजतात. सल्फाइड जास्त भरलं तर चिखलातल्या पाण्यात मोकळा धातू फारसा उरत नाही, धातू जास्त भरला तर तिथल्या किड्यांना, तिसऱ्यांना (शिंपल्यांना) धोका संभवतो.

पारा मात्र यात बसत नाही, हेच बॅक्टेरिया त्याचा मिथाइल पारा हा विषारी प्रकार करतात आणि तो माशांतून वर चढत जातो.

आणि कुलूप उघडतं ते ऑक्सिजनने. ड्रेजर लावून गाळ काढला, किनाऱ्यावर ढीग घालून ठेवला की सल्फाइडचं हळूहळू ऑक्सिडेशन होतं, आम्ल तयार होतं, धरलेला धातू सुटतो आणि पहिल्या पावसात परत खाडीत जातो. काढलेला काळा गाळ काही दिवसांत तपकिरी पडलेला दिसला, तर आत हेच चाललेलं असतं.