चर्चमधली बंदूक: हक्क नेमका कोणाचा?

‘अमेरिकेत घटनेनंच बंदूक दिलीय, मग चर्चमध्ये नेताना कोण अडवणार? अडवलं तर धर्मस्वातंत्र्यावर घाला!’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं नाही.

जॉर्जियातल्या थॉमस्टनच्या एका चर्चला सुरक्षेसाठी काहींच्या कमरेला पिस्तूल हवं होतं. राज्याची प्रार्थनास्थळांत बंदी. चर्चनं अमेरिकी घटनेच्या दोन दुरुस्त्या पुढे केल्या, धर्मस्वातंत्र्याची पहिली आणि शस्त्रहक्काची दुसरी. 2012 मध्ये संघीय अपील न्यायालयानं दोन्ही दावे फेटाळले. वर बजावलं, जागामालकाच्या मर्जीविरुद्ध त्याच्या जागेत शस्त्र नेण्याचा हक्क दुसऱ्या दुरुस्तीत नाहीच.

वाट उघडली ती 2014 मध्ये, विधिमंडळानं. निर्णय चर्चवर सोडला, भाविकावर नव्हे.

बंदूकप्रेमी टेक्सासातही चर्च दारावर मनाईची पाटी लावू शकतं: इंग्रजी-स्पॅनिशमध्ये, किमान इंचभर अक्षरांत.