पार्श्वभूमी : डिचोलीचा इतिहास कुणाच्या दप्तरात?

देवस्थानच्या स्मरणिका, लग्नाचे काळे-पांढरे फोटो, मोडीतले जमिनीचे कागद, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतले पोर्तुगीज दाखले. हे सगळे गोळा करून, स्कॅन करून गावाचा इतिहास कुणालाही पाहता येईल असा ठेवावा, ही कल्पना गोव्याच्या लहान शहरांत अधूनमधून उचल खाते. डिचोलीपुरते बोलायचे तर गाडी पहिल्याच वळणावर अडते. संग्रहाला नाव कुठले द्यायचे?

बाहेरच्याला हा वाद पोरकट वाटेल. पण घरात आम्ही दिवचल म्हणतो, लिहिताना डिचोली लिहितो आणि रोमन पाटीवर ‘बिचोलिम’ वाचतो. पाटीवरच्या स्पेलिंगातला शेवटचा ‘एम’ मुळात उच्चारायचा नाही. पोर्तुगीज लेखनात ती अनुनासिक स्वराची खूण. मये, पेडणे, साखळी या सगळ्यांच्या शेपटीला तो असाच लागला. १९६१ साली पोर्तुगीज गेले, त्यांचे स्पेलिंग राहिले आणि ते वाचणारे मात्र इंग्रजी वळणाचे झाले. मुका ‘एम’ बोलू लागला तो तेव्हापासून. आज नकाशाच्या अ‍ॅपमधला आवाजसुद्धा पाहुण्यांना ‘बिचोलिम’लाच आणून सोडतो. ‘ड’चा ‘ब’ कसा झाला, याचे उत्तर बाजारात प्रत्येकाकडे आहे आणि प्रत्येकाचे निराळे आहे.

चौथे नाव भतग्राम. जुन्या मराठी कागदांत हे नाव येते आणि खरा घोळ इथे आहे. भतग्राम म्हणजे एकटी डिचोली नव्हे, भोवतालच्या गावांसकट एक महाल. त्यामुळे कागदावर भतग्राम दिसले की तो वाद, ती देणगी किंवा तो वसूल डिचोलीच्या बाजारपेठेतला की आसपासच्या एखाद्या वाड्यावरचा, हे आतला मजकूर वाचल्याशिवाय सांगता येत नाही. असे असूनही भतग्राम हेच प्राचीन आणि म्हणून अस्सल नाव, तेच मथळ्यावर हवे, असा आग्रह धरणारे आहेत. त्यांच्या अभिमानाबद्दल आदर आहे. पण महालाचे नाव शहराला चढवले की शेजारच्या गावांचा इतिहासही अलगद आपल्या खिशात येतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. किंवा येत असावे.

यादी करायला बसले की या चार नावांचा जाच कळतो. एकाच घराण्याचा कागद मोडीत असेल तर तिथे महालाचे नाव, पोर्तुगीज असेल तर लेखनिकाच्या कानाला ऐकू आले तसे, १९६१ नंतरचा असेल तर इंग्रजी. त्याहून मागे गेले तर गोव्यातल्या जुन्या गावकागदांत गोंयकानडी ही जुनी लिपीही भेटते. ती वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. एका नावाने शोधणाऱ्याला उरलेल्या तिन्ही नावांचे कागद दिसतच नाहीत. मग तो म्हणतो, आमच्या गावाचे काही लिहूनच ठेवलेले नाही. माझ्या मते चारही नावे प्रत्येक नोंदीवर लागली पाहिजेत आणि मथळा रोजच्या लिहिण्यातला, म्हणजे डिचोली, असावा. दिवचलवाल्यांना हे पटणार नाही.

कागद दूर असण्याचे दुसरे कारण नकाशात आहे. तिसवाडी, बारदेस, साष्टी या ‘जुन्या काबिजादी’, म्हणजे आधी जिंकलेले मुलूख, १६व्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या. फोंडा १७६३ मध्ये, डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, पेडणे १७८८ मध्ये. या ‘नव्या काबिजादी’. शब्द पोर्तुगिजांचा, बाजूही त्यांचीच. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने जे नवे, ते इथे राहणाऱ्याला नवे कसे असेल? तरीही हा शब्द आपण आजही निमूटपणे वापरतो, शाळेत शिकवतो, आणि त्यातून नकळत असे ठसते की डिचोलीचा इतिहास १७८१ पासूनचा. आधीचे ते सारे दंतकथांत जमा.

या दोन पट्ट्यांत फरक फक्त सनावळीचा नाही. जुन्या काबिजादींत चर्चच्या नोंदवह्या आहेत, बाप्तिस्मा, लग्न, मरण सारे त्यांत, आणि गावकरींचे, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थांचे, व्यवहारही १५२६ च्या फोरलपासून (गावच्या रूढी नोंदवणारी पोर्तुगीज सनद) पोर्तुगीज कागदावर चढू लागले. तिथल्या सामान्य माणसाचे नाव कुठेतरी सापडते. आमच्याकडे तो मुलूख आदिलशाही, मराठे आणि सावंतवाडीकर भोसले यांच्यात फिरत राहिला. सामान्य माणसाचे नाव आले तर देवस्थानच्या हिशेबात, नाहीतर सारावसुलीत किंवा भांडणात. पोर्तुगीज सत्ता आल्यावरही इथल्या रीतीभाती चालू ठेवण्याचे धोरण राहिले. त्या रूढींची संहिता १८२४ मध्ये झाली आणि पुढे ती पोर्तुगीज व मराठी अशा दोन भाषांत छापली गेली. राज्यकर्त्याला आपला कायदा मराठीत छापावा लागला, ही गोष्ट गोव्यातल्या मराठीबद्दल वाद घालणाऱ्यांनी एकदा वाचून ठेवायला हरकत नाही.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात, कारण शिवशाहीचे प्रसंग बहुतेकांना पाठ असतात. १६६७ मध्ये महाराजांची फौज बारदेसात उतरली. पोर्तुगीज हद्दीत आश्रय घेऊन महाराजांच्या मुलखाला उपद्रव देणारे देसाई हे त्याचे एक कारण. पुढच्याच वर्षी नार्व्याच्या सप्तकोटीश्वराच्या देवळाचे काम त्यांच्या आज्ञेने सुरू झाले. दारावरचा शके १५९० चा लेख ते सांगतो. हा लेख म्हणजे या भागातल्या इतिहासाचा सर्वांत भक्कम दगड. जागेवर आहे, तारीख आहे, आज्ञा कुणाची ते आहे. देऊळ डागडुजीनंतर २०२३ मध्ये पुन्हा खुले झाले तेव्हा गर्दी उसळली, आणि त्याच दिवसांत कुणी डिचोलीतल्या नमाजगाहची, म्हणजे नमाजाच्या जुन्या जागेची, चौकशी करताना दिसले नाही.

खरे तर नमाजगाहची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. ते राज्य संरक्षित स्मारक आहे. सांगणारे त्याचा संबंध औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याच्याशी जोडतात. बापाविरुद्ध उठलेला हा शहजादा संभाजीराजांच्या आश्रयाला आला, डिचोलीत राहिला आणि १६८३-८४ च्या मराठे-पोर्तुगीज लढाईनंतरच्या बोलण्यांत मध्यस्थही झाला. १६८४ च्या सुरुवातीला त्याचाच भाऊ शहा आलम मोठी फौज घेऊन रामघाट उतरला, डिचोलीची नासधूस केली आणि उपासमारीने बेजार होऊन परतला. म्हणजे मुघल शहजादा राहिला तोही इथेच, आणि मुघल फौजेने गाव जाळले तेही इथेच. कुठल्याच बाजूच्या भाषणात हे नीट बसत नाही. त्यामुळे नमाजगाहला उत्सवी भाषणांत जागा मिळत नाही.

अशी रिकामी जागा सोडली की तिथे काय उगवते, याचा नमुना डिचोलीने साऱ्या जगाला दाखवला. इंटरनेटवरच्या सर्वांत मोठ्या मुक्त ज्ञानकोशात २००७ साली एक इंग्रजी लेख चढला. विषय, १६४०-४१ मधली डिचोलीची लढाई. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला मराठा साम्राज्य, शेवटी तह. लेख चांगला हजारो शब्दांचा, तळटीपांसकट. काही महिन्यांतच त्याला उत्तम लेखाचा शिक्का मिळाला आणि तो पाच वर्षांहून अधिक काळ टिकला. २०१२ च्या डिसेंबरात एका संपादकाने तळटीपांतली पुस्तके शोधायला घेतली तेव्हा ती पुस्तकेच नव्हती. लढाईही नव्हती. लेख काढून टाकला गेला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत आमच्या गावाचे नाव छापून आले ते न झालेल्या लढाईसाठी.

मला यात लिहिणाऱ्याच्या खोडसाळपणापेक्षा वाचणाऱ्यांचे मौन जास्त लागते. १६४० साली शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते. डिचोली आदिलशाहीत होती. मराठा साम्राज्य त्या वर्षी कुठून आले, हे चौथीतले पोरही विचारील. आपल्याकडे चौथीच्या इतिहासात शिवाजीच असतो! पण चौथीतले पोर इंग्रजी ज्ञानकोश तपासत नव्हते, आणि जे तपासत होते त्यांना डिचोली म्हणजे नकाशावरचा ठिपका. खरी लढाई, म्हणजे १६८३-८४ ची, तिच्याबद्दल मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये लिहिलेले आहे. फक्त ते ‘बिचोलिम’ असे टंकून शोधणाऱ्याच्या समोर येत नव्हते.

१९६१ नंतरच्या काळावर खरे तर वेगळेच लिहायला हवे. मोडतोड सर्वांत जास्त झाली ती या काळात. जुन्या कागदांत जमिनीची चतुःसीमा खुणांनी सांगितलेली असते. अमुक व्हाळ, तमुक बांध, वडाचे झाड, डोंगराची कड. सत्तरच्या दशकातल्या मोजणीनंतर खुणांच्या जागी सर्वे नंबर आले आणि माणसाला एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, पुरू लागला. त्यात वाईट काही नाही. पण डिचोली तालुका खाणींचा. शिरगाव, पाळी, मये, लामगावच्या बाजूने जे डोंगर पोखरले गेले, त्यातले कित्येक मातीसकट जहाजात बसून जपानला गेले. कागदावर ‘पूर्वेस डोंगर’ लिहिलेले आहे आणि पूर्वेस आज पाण्याने भरलेला खंदक आहे. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या; या बंदीवर रान उठले, मोर्चे निघाले. डोंगरांची नावे कुणी लिहून घेतली नाहीत.

मयेत तर इतिहास हा घराच्या मालकीचाच प्रश्न झाला. गावची जमीन पोर्तुगीज काळातल्या एका सरदार घराण्याच्या नावावर. घराणे गोवा सोडून गेले आणि १९६४ च्या कायद्याने ती निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारी ताब्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राबणाऱ्यांना घराचा कागद मिळेना. सरदारकीच मोडीत काढणारा कायदा यायला २०१४ उजाडले. अशा गावात जुना कागद म्हणजे हौस नसते. म्हणूनच तो कुणी सहजासहजी स्कॅन करायला हातात देत नाही, आणि ज्यांना ही मंडळी अडाणी वाटतात त्यांनी आपला सातबारा अनोळखी माणसाच्या हाती देऊन पाहावा.

सर्वसामान्य डिचोलीकराने लिहिलेला इतिहास कुठे असेल तर तो स्मरणिकांत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचा सुवर्णमहोत्सव, नाट्यमंडळाची पन्नाशी, प्रत्येक वेळी एक स्मरणिका निघते. पुढे शुभेच्छा, मागे जाहिराती, मधे देवस्थानच्या महाजनांची यादी आणि एखाद्या निवृत्त मास्तरांचा ‘आमचा गाव’ हा लेख. अभ्यासक नाक मुरडतात, कारण त्यात दंतकथा आणि पुरावा एकाच ताटात वाढलेले असतात. मला विचाराल तर जाहिराती आधी वाचाव्यात. कुठल्या साली बाजारात कोण काय विकत होते, कुठले दुकान कुणाच्या नावावर होते, टेलिफोन क्रमांक किती आकडी होता, हे दुसरीकडे मिळत नाही. या स्मरणिका ना वाचनालयात नीट जपल्या जातात ना सरकारी दप्तरात. त्या माळ्यावर असतात आणि पावसाळ्यात वाळवीच्या वाट्याला जातात.

सरकारी दप्तराची परंपरा मात्र जुनी, थेट १५९५ ची. पणजीत पोर्तुगीज आणि मोडी कागदांचा मोठा साठा आहे. गेल्या काही वर्षांत या जुन्या वह्यांकडे लोक वळले ते पोर्तुगीज नागरिकत्वासाठी. १९६१ पूर्वी जन्मलेल्या आई-वडिलांची किंवा आजोबांची जन्मनोंद हवी असते. डिचोलीतलीही पोरे त्यासाठी खेपा घालतात. नाव एका वहीत ‘विटु’, दुसरीत ‘विठोबा’, आडनाव कधी आहे, कधी नाही. मग दोन्ही माणसे एकच, हे सिद्ध करण्यात महिने जातात. शेवटी नोंद सापडते. त्याच पानावर शेजारच्या घरातला जन्म असतो, बापाचा धंदा लिहिलेला असतो, वाड्याचे नाव असते, जे आज कुणी घेत नाही. पोरगा आपल्या ओळीची प्रत घेतो, पैसे भरतो आणि वही मिटली जाते.