मँडोलिनवरचं पिझिकाटो म्हणजे स्टॅकाटो नव्हे

व्हायोलिनवाल्यांचं बरं असतं. स्वरलिपीत ‘पिझ.’ (पिझिकाटो) दिसलं की गज बाजूला, बोटानं तार छेडायची, विषय संपला. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हान्नी’त (१७८७) खिडकीखालच्या गाण्यात मँडोलिनमागची तंतुवाद्यं तेच करतात. पण मँडोलिन मुळात छेडूनच वाजतं. त्याच्याच ओळीवर ‘पिझ.’ आलं की बरेच जण स्वर आखूड तोडतात आणि खुशाल पुढे जातात. ते स्टॅकाटो झालं.

स्टॅकाटो तुम्हाला येतंच: डाव्या बोटाचा दाब सोडायचा, बोट तारेवरच ठेवायचं.

घोटाळा खुल्या तारेवर होतो. तिथे सोडायला दाबच नाही, म्हणून उजव्या तळहाताची कड टेकवून नाद थांबवतात. पिझिकाटोतही हीच कड लागते. फरक आहे तो वेळेचा. स्टॅकाटोत कड आघातानंतर येते. पिझिकाटोत ती आधीपासूनच टेकलेली असते. म्हणून स्टॅकाटोचा स्वर मोकळा उमटतो आणि तुटतो, तर पिझिकाटोचा उमटतानाच दबका असतो. दबका, पण सूर स्पष्ट कळणारा.

करंगळीकडची कड घोडीला (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीला) समांतर ठेवा, तारा घोडीवरून निघतात नेमक्या तिथे. मागे सरकलात तर काहीच दबत नाही. चार-पाच मिलिमीटर पुढे गेलात तर नुसतं ‘ठक्’. कड तिरकी पडली की सर्वांत जाड ‘जी’ तार दबते आणि सर्वांत बारीक ‘ई’ खणखणत राहते. सर्रास ऐकू येणारी चूक हीच. हात रेटू नका, ताण वाढून सूर चढतो. शिवाय घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं उभी असते. ढकलली गेल्याची शंका आली तर बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकशी (बोट न दाबता नुसतं टेकवून काढलेल्या स्वराशी) ताडून बघा.

हात टेकल्यानं मनगटाचा झोका लहान होतो. आघात शक्यतो खालच्या दिशेनंच द्या, मँडोलिनच्या तारा जोडीजोडीनं असतात, जोडीतल्या दोन्ही तारांना लागू द्या. हाताऐवजी तारा दबाव्यात म्हणून घोडीपाशी फोम खोचणाऱ्यांना एकच प्रश्न: चार मात्रांनी मोकळा स्वर हवा असेल तेव्हा तो काढणार कोण?

स्वरावर ‘+’ असेल तर ते डाव्या हाताचं पिझिकाटो. त्यात पिक (तार छेडायची चकती) लागत नाही, डावं बोटच तार ओढून सोडतं. तिथेही जोडीतली एकच तार ओढली गेली तर आवाज पातळ येतो.