कोंडा की कोरडी टाळू? तेल थापायच्या आधी एवढं बघा

थंडी पडली की नाशकात काळ्या स्वेटरच्या खांद्यावर पांढरं पांढरं दिसायला लागतं, आणि घरात निदान ठरलेलं, कोंडा झालाय, औषधपण ठरलेलं, तेल थाप रात्री. पण डोक्यातून असं पडायची दोन वेगळी कारणं असतात आणि ती एकमेकांच्या बरोब्बर उलटी आहेत, एकात डोकं तेलकट असतं म्हणून पडतं, दुसऱ्यात कोरडं पडलं म्हणून. म्हणूनच तोच तेलाचा उपाय शेजारच्या काकूंना लागू पडतो आणि तुमची खाज वाढवतो.

आधी खरा कोंडा. मॅलॅसेझिया नावाची एक बुरशी असते, ती जवळपास सगळ्यांच्याच डोक्यावर असते, अस्वच्छतेशी तिचा फार संबंध नाही, त्यामुळे कोंडा झालेल्याला "अंघोळ करत नाहीस का" विचारणं बंद करा राव. ही बुरशी टाळूवरच्या तेलावर जगते, ते तेल फोडते, त्यातून ओलेइक ॲसिड सुटतं आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही, मग खाज, लाली, आणि कातडीच्या पेशी भराभर सुटून एकमेकींना चिकटलेल्या खपल्या पडतात. या खपल्या मोठ्या, जरा पिवळसर, तेलकट असतात, नखात अडकतात. भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे पण तसंच सुटत असेल तर बहुतेक हाच प्रकार.

कोरड्या टाळूचं काम साधं आहे. बारीक, पांढरी, सुकी भुकटी पडते, डोकं ओढल्यासारखं वाटतं, आणि हातपाय पण उललेले असतात. कारण हवा कोरडी, त्यात निफाडकडची थंडी म्हटल्यावर गीझर फुल करून कडकडीत पाणी डोक्यावर, वर रोज शाम्पू.

नुसत्या सीझनवरून मात्र ठरवू नका कारण खरा कोंडापण थंडीत वाढतो. घरी करता येईल अशी एक गोष्ट, रात्री टाळूला हलकंसं मॉइश्चरायझर लावायचं, सकाळी डोकं धुवायचं, भुकटी गेली तर कोरडेपणाच असायची शक्यता जास्त, तेलकट खपल्या तशाच राहिल्या तर कोंडा.

कोरडं असेल तर कोमट पाणी, सौम्य शाम्पू, तोही रोज नाही, आणि हो, इथे आईचं तेल चालतं, अंघोळीच्या आधी थोडं लावून धुऊन टाकायचं. कोंडा असेल तर रात्रभर तेल मुरवणं बंद करा, लॅबमध्ये ही बुरशी वाढवायला मुद्दाम ऑलिव्ह ऑइलसारखी तेलं घालतात, यावरून काय ते समजा. मेडिकलमध्ये केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) २ टक्केवाला शाम्पू मिळतो, साधारण आठवड्यातून २ वेळा, २ ते ४ आठवडे. आणि इथेच बरेच जण गडबड करतात, फेस केला की लगेच धुतात, मग म्हणतात फरक नाही पडला. ३ ते ५ मिनिटं टाळूवर राहू द्यायचा, केसांच्या टोकांना नाही, टाळूला. बरं वाटलं की एकदम सोडायचा पण नाही, आठवड्या-दोन आठवड्यातून एकदा चालू ठेवायचा, कारण बुरशी काही कायमची जात नाही, ती आवरून धरायची असते. झिंक पायरिथिओन, सेलेनियम सल्फाइडवाले शाम्पूपण चालतात. सातपूर-अंबडला कंपनीत दिवसभर हेल्मेट घालणाऱ्यांनी घामट डोकं तसंच ठेवून झोपू नये. लिंबू आणि खायचा सोडा चोळणाऱ्यांना माझा नमस्कार, खाजवून सोललेल्या टाळूवर ते कसं झोंबतं हे त्यांनाच विचारा.

महिनाभर नीट करूनही काही हललं नाही तर स्किनवाल्या डॉक्टरकडे जा. जाड चंदेरी थर, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेले, सोबत कोपर-गुडघ्यावरही असतील तर तो सोरायसिस, म्हणजे कातडीचा एक वेगळाच आजार, असू शकतो. आणि लहान पोराच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील तर तो नायटा असू शकतो, त्याला नुसता शाम्पू पुरत नाही, पोटातून औषध लागतं, आणि तोवर त्याचा कंगवा-टोपी दुसऱ्या पोरांना वापरू देऊ नका.