बेल्ट ओरडतो, दुखणं पुलीचं

मामांच्या सहाचाकी गाडीने एका वर्षात तीन फॅन बेल्ट (इंजिनाच्या पुल्यांवर, म्हणजे खाचेच्या चाकांवर, फिरून पंखा चालवणारे रबरी पट्टे) खाल्ले. तिसरा घालून आठवडाही झाला नव्हता. डिसेंबरातली पहाट, नाशिकचा आडगाव नाका, मागे पिंपळगावचा कांदा भरलेला. सेल्फ मारला आणि इंजिनातून ते ओळखीचं चिरकणं पुन्हा सुरू झालं. मामांचं निदान ठरलेलं होतं : "डुप्लिकेट माल. दुकानदाराने फसवलं."

मिस्त्रींनी मफलर काढून सीटवर ठेवला (फिरत्या पुलीजवळ लोंबतं काही नको, थंडी असली तरी) आणि प्यायच्या पाण्याची बाटली मागितली. इंजिन चालू ठेवून त्यांनी लांबूनच बेल्टच्या आतल्या अंगाला पाण्याची चूळभर धार मारली. आवाज बंद. दहाएक सेकंदांनी पाणी उडालं आणि चिरकणं परत आलं.

"शेठ, बेल्ट चांगला आहे. पुली वाकडी बसलीय."

मामांना हा चमत्कार वाटला. पण चूळभर पाण्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे.

मस्तवाल गोऱ्हा नुसत्या हाताने धरून ठेवता येत नाही. त्याच दाव्याचे खुंट्याभोवती दोन वेढे दिले, की दहा वर्षांचं पोरही त्याला थोपवून धरतं. अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने याचा हिशेब मांडला. दोर खुंट्याला जितका जास्त वळसा घालतो तितकी पकड नुसती वाढत नाही, ती पटीने वाढते. पुलीवरच्या बेल्टचंही तेच. सपाट पट्टा पुलीला अर्धा वळसा घालत असेल आणि घर्षणाचा गुणांक ०.३ धरला, तर ओढणाऱ्या बाजूचा ताण ढिल्या बाजूच्या अडीच पट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा म्हणूनच एवढा रुंद असायचा, आणि वर त्याला राळ लावावी लागायची.

फॅन बेल्ट तर बोटाएवढा. पण तो पाचरीच्या आकाराचा असतो आणि पुलीच्या खाचेत दोन्ही भिंतींच्या मध्ये रुततो. लाकडात पाचर ठोकली की ती बाजूंना किती जोराने दाबते ते आठवा. साधारण ३८ अंशांच्या खाचेत ही पकड सपाट पट्ट्याच्या तिप्पट घर्षणाइतकी होते, आणि ती तिप्पट ऑयलरच्या पटीच्या हिशेबात शिरते. अडीचच्या जागी आकडा थेट अठरावर जातो. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि धाग्याचा असा व्ही बेल्ट आणला, आणि पंख्याला लागणारे दोरखंडी पट्टे मागे पडले.

या हिशेबातून एक तपासणी फुकटात मिळते. बेल्टने खाचेच्या भिंती धरायच्या असतात, तळ नव्हे. बेल्ट काढून पुलीच्या खाचेत टॉर्च मारा. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट तळाला टेकतोय. पाचर संपली, उरला सपाट पट्टा. मग कितीही ताणा, तो घसरणारच.

आता आवाजाकडे. फळ्यावर खडू किंचाळतो तसाच बेल्ट किंचाळतो. रबर धातूला क्षणभर चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की कानाला चिरका सूर ऐकू येतो. बेल्ट ढिला असेल, तर पाण्याने उरलीसुरली पकडही जाते आणि आवाज वाढतो. पुल्या एका रेषेत नसतील, तर बेल्ट दर फेरीला खाचेत तिरका शिरतो आणि भिंतीला घासतो. पाण्याने ते घासणं तेवढ्यापुरतं बुळबुळीत होतं, म्हणून आवाज थांबतो. पाणी घातल्यावर आवाज वाढला तर ताण बघायचा, थांबून परत आला तर रेषा बघायची. आणि पाण्याने काहीच फरक पडला नाही, घरघर तशीच राहिली, तर संशय बेअरिंगवर. तेव्हा इंजिन बंद करायचं, बेल्ट उतरवायचा आणि प्रत्येक पुली हाताने फिरवायची. खराब बेअरिंग वाळूत फिरल्यासारखं बोटांना कळतं.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. उतरवलेला बेल्ट त्यांनी माझ्या हातात दिला. एक बाजू मळकट काळी, दुसरी काचेसारखी गुळगुळीत. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोच्या पुलीच्या एकाच कडेला काळी भुकटी साठलेली. मग त्यांनी स्टीलची लांब पट्टी क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीला टेकवून डायनामोपर्यंत नेली. पट्टी आणि डायनामोची पुली यांच्यात ५ मिलिमीटरची फट. व्ही बेल्टला साधारण अर्ध्या अंशाचा तिरकेपणा चालतो. दोन पुल्यांमधल्या ३५ सेंटिमीटर अंतराला तो जेमतेम ३ मिलिमीटर होतो. वर्षापूर्वी डायनामो दुरुस्त करून बसवताना कोणीतरी ब्रॅकेटमागचा जाड वायसर परत घालायला विसरलं होतं. तीन बेल्टांचा खून त्या एका वायसरने केला होता.

या प्रकाराकडे "आवाजच तर येतोय" म्हणून दुर्लक्ष करू नये, त्याला कारण कसारा घाट. मुंबईहून रिकामी गाडी आली तर ठीक, पण माल भरून चढताना गाडी सावकाश आणि इंजिन जोरात. समोरून वारा नाही, रेडिएटरला हवा द्यायला फक्त पंखा. पंख्याची भूक विचित्र असते : फेरे दुप्पट झाले की त्याला आठपट शक्ती लागते. नेमक्या त्या वेळी अर्धवट पकडीचा बेल्ट घसरतो. जुन्या गाड्यांत पंखा, वॉटर पंप आणि डायनामो एकाच बेल्टवर असतात, त्यामुळे तापमानाचा काटा आणि चार्जिंगचा दिवा एकदमच तक्रार करतात. दोन्ही एकाच वेळी दिसले की वेगवेगळे रोग शोधत बसू नका, आधी बेल्ट बघा.

बेल्ट तुटलाच, तर खरा सापळा पुढे आहे. जुनं डिझेल इंजिन विजेवाचूनही चालतं, बंद पडत नाही. ड्रायव्हर म्हणतो, दिवस आहे, दिवे कशाला हवेत, इगतपुरीपर्यंत जाऊ. पण पाणी फिरायचं थांबलेलं असतं आणि गॅस्केट जळून इंजिनाचं हेड (वरचं झाकण) वाकायला तेवढं अंतर पुरतं. काही लहान ट्रकांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंपही डायनामोच्याच पाठीला असतो. तिथे बेल्ट गेला की एक-दोन दाबांनंतर ब्रेकचं पेडल दगड होतं. घाटात हे होऊ नये.

साबणाचा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो : बेल्टला वडी घासली की आवाज जातो. जातोच, कारण साबण तेच करतो जे पाण्याने केलं. रोग राहतो, बोंब थांबते. डिझेल किंवा ग्रीस लावणारे तर रबर फुगवून बेल्ट कायमचा घालवतात. नव्या गाड्यांतल्या अनेक धारांच्या रुंद बेल्टचं रबर वेगळं असतं. त्याला सहसा चिरा पडत नाहीत, टायरसारखी झीज होते. तेव्हा "चीर नाही म्हणजे बेल्ट चांगला" हे तिथे चालत नाही.

वायसर बसला, नवा बेल्ट चढला, पट्टी चारही ठिकाणी टेकली. ताण देताना मिस्त्रींनी टॉमी (लोखंडी दांडा) डायनामोच्या ॲल्युमिनियमच्या पातळ अंगाला न लावता ब्रॅकेटजवळच्या जाड भागाला लावली. मग दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब पट्ट्यावर मध्यभागी अंगठा दाबला. बेल्ट १० ते १२ मिलिमीटर दबला. नक्की किती दबावा ते गाडीच्या पुस्तकात असतं, आणि पुस्तक मोठं. मामा म्हणाले, "अजून आवळा ना, परत कटकट नको." मिस्त्रींनी वॉटर पंपाच्या पोटाखालचं बारीक भोक दाखवलं. बेल्ट फाजील ताणला की बेअरिंगवर बोजा येतो, आतलं सील जातं आणि याच भोकातून पाणी टपकायला लागतं. बेल्टापेक्षा पंप किती महाग, हे त्यांनी मामांनाच सांगायला लावलं.

नवा बेल्ट पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि किंचित ढिला पडतो. म्हणून मुंबईची खेप टाकून आल्यावर मामा पुन्हा नाक्यावर थांबले. अंगठा, पाना, थोडासा ताण, पाच मिनिटांचं काम. जुन्या तीन बेल्टांपैकी सगळ्यात कमी झिजलेला मिस्त्रींनी निवडून दिला, अडचणीला म्हणून. मामा तो घडी घालून सीटखाली कोंबायला निघाले, तर त्यांनी हात धरला : घडी घातली की आतले धागे तुटतात. आता तो केबिनमध्ये मोठा वेढा करून लटकतो, लिंबू-मिरचीच्या शेजारी.